कांदा दराची साइट लिलावाच्या वेळी बसते, व्हीपीएस घ्यावा का?

नमस्कार दादा. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर कोणी वाचलं तर त्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही निफाड तालुक्यातले, कांद्याचे दर दाखवणारी वर्डप्रेसची साइट चालवता. लासलगाव, पिंपळगाव, विंचूर इथली आवक आणि किमान, कमाल, सरासरी दर तुमची पोरं लिलावाच्या ठिकाणाहून मोबाइलवर गूगल शीटमध्ये भरतात आणि साइटचं पान ते तिथून ओढून दाखवतं. दिवसभर साइट नीट चालते. सकाळी लिलाव सुरू झाले की मिनिटाला सहाशेच्या आसपास पानं उघडली जातात आणि तेव्हा '५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड' असा एरर येतो. होस्टिंगवाले म्हणतात, व्हीपीएस (व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर, म्हणजे आभासी खाजगी सर्व्हर) घ्या, २ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आणि ४ जीबी रॅमचा. तुम्ही विचारलंय की व्हीपीएस म्हणजे आपल्यासाठी वेगळा संगणक ठेवतात का, हे २ आणि ४ आकडे तुम्हाला पुरतील का, आणि तो सांभाळणं तुम्हाला झेपेल का.

मी नाशिकमध्ये सर्व्हर सांभाळायचं काम करते. अंबड-सातपूरचे कारखाने, द्राक्ष निर्यात करणारे, दोन-तीन शाळा, असे माझे ग्राहक. त्यामुळे जे सांगते ते हात घालून बघितलेलं आहे. पण तुमची साइट मी आतून पाहिलेली नाही. म्हणून जिथे 'हे तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहे' असं म्हणेन, तिथे ते खरंच तसं आहे असं धरा.

तुम्ही व्हीपीएसबद्दल विचारलंय, पण अडचण आहे ती तासाभरात एकदम येणाऱ्या गर्दीची. व्हीपीएस घेतल्यावर ती सुटेलच असं नाही. तुमच्या आकड्यांवरून तर मला उलट वाटतं की आहे ती साइट तशीच उचलून व्हीपीएसवर ठेवली तर पैसे जास्त जातील आणि पान तरीही फिरत राहील. का, ते सांगते. त्यासाठी व्हीपीएस आतून कसा असतो हे आधी समजलं पाहिजे.

आत्ता तुम्ही शेअर्ड होस्टिंगवर आहात. म्हणजे एका मोठ्या सर्व्हरवर एकच लिनक्स चालू आहे आणि त्यात शेकडो लोकांची खाती आहेत, प्रत्येकाच्या फोल्डरसकट. वेब सर्व्हर एकच, डेटाबेस सर्व्हर बहुतेक एकच. गावात एका डीपीवर सगळ्यांच्या मोटारी असल्या की दोन-चार जणांनी एकदम चालू केल्यावर बाकीच्यांचं व्होल्टेज पडतं, तसं इथेही होऊ शकतं. ते होऊ नये म्हणून होस्टिंगवाले प्रत्येक खात्याला मर्यादा घालतात: सीपीयू किती, मेमरी किती, डिस्कवर सेकंदाला किती लिहिता-वाचता येईल, आणि एका वेळी किती पीएचपी प्रोसेस (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची चालू कामं) आत शिरू शकतात. या शेवटच्या मर्यादेला 'एंट्री प्रोसेस' म्हणतात. तुमचा ५०८ बहुतेक तिथूनच येतोय. सीपीयूची मर्यादा लागली की साइट रेंगाळते, मेमरीची लागली तर सहसा ५०० किंवा ५०३ दिसतो, आणि एंट्री प्रोसेसची लागली की ५०८.

व्हीपीएसमध्ये रचना वेगळी. तिथेही खाली एकच मोठं मशीन असतं, दोन प्रोसेसर, पाच-पन्नास कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), शेकडो जीबी रॅम असलं. म्हणजे तुमच्यासाठी वेगळा संगणक कोणी ठेवत नाही. पण त्या मशीनवर हायपरव्हायजर नावाचं सॉफ्टवेअर असतं आणि ते एका खऱ्या मशीनमधून अनेक आभासी मशिनं तयार करतं. प्रत्येकीला स्वतःचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), स्वतःची डिस्क, स्वतःचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता). आत बसलेल्या लिनक्सला वाटतं की आपण स्वतंत्र संगणकावर आहोत. तुम्ही तो रीस्टार्ट केला तर शेजाऱ्याला कळतही नाही, आणि शेजाऱ्याचा कोसळला तर तुमचा चालूच राहतो.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमनं १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० आणलं, तेव्हापासून ती रुळलेली आहे. अडचण होती ती आपल्या नेहमीच्या इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरची. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमनं काही नाजूक सूचना चालवल्या तर हायपरव्हायजरला त्याचा पत्ताच लागायचा नाही, मग मध्ये पडून आवरणार कसं? व्हीएमवेअरनं १९९९ च्या सुमारास त्या सूचना चालता चालता बदलायची युक्ती काढली. केंब्रिज विद्यापीठातून २००३ मध्ये आलेल्या झेन या हायपरव्हायजरनं आतल्या लिनक्समध्येच बदल करून वाट काढली. मग २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी दोघांनी प्रोसेसरमध्येच ही सोय दिली, आणि २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएम हे लिनक्सचं स्वतःचं हायपरव्हायजर आलं. आज तुम्ही जो व्हीपीएस विकत घ्याल तो बहुतेक केव्हीएमचाच असेल.

केव्हीएमची एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकीचं सोपं होतं. खालच्या मशीनच्या दृष्टीनं तुमचा अख्खा व्हीपीएस म्हणजे एक साधी प्रोसेस असते आणि तुमचा प्रत्येक व्हीसीपीयू म्हणजे त्या प्रोसेसमधला एक थ्रेड, कामाचा एक धागा. म्हणजे '२ व्हीसीपीयू' याचा अर्थ दोन कोअर तुमच्या नावावर झाले असा नाही. तुमचे दोन थ्रेड रांगेत आहेत, आणि खालचं मशीन त्यांना खऱ्या कोअरवर पाळीपाळीनं बसवतं, एवढंच. कंपन्या एका कोअरवर अनेकांचे व्हीसीपीयू विकतात, कारण बहुतेकांचे सर्व्हर बहुतेक वेळ रिकामे बसलेले असतात. यात फसवणूक नाही. फसवणूक तेव्हा, जेव्हा इतके विकले जातात की गर्दीच्या वेळी पाळी येतच नाही. रॅमचं तसं नाही. चांगल्या कंपनीकडे ४ जीबी म्हणजे ४ जीबी, कारण मेमरी वाटून घेणं सीपीयूइतकं सोपं नसतं. डिस्क सगळ्यांची मिळून असते, तीही कधी त्याच मशीनमध्ये, कधी नेटवर्कवरून जोडलेली.

स्वस्तातल्या काही योजना व्हीपीएस म्हणून विकल्या जातात पण आत कंटेनर असतात, ओपनव्हीझेडसारखे. तिथे कर्नल सगळ्यांचं एकच असतं. वाईट असं नाही, पण कर्नल तुमचं नसल्यामुळे काही गोष्टी अडतात, डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवायचं साधन) चालेलच याची खात्री नसते. घेतल्यावर तपासायचं असेल तर टर्मिनलमध्ये 'सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट' ही आज्ञा द्या, ती 'केव्हीएम' की 'ओपनव्हीझेड' ते एका शब्दात सांगते. मी घेण्याआधीच कंपनीला विचारून टाकते.

आता तुमच्या साइटचा हिशोब. हे जरा सावकाश वाचा.

मिनिटाला सहाशे पानं म्हणजे सेकंदाला दहा. तुम्ही म्हणता, एरवीही पान उघडायला दोन सेकंद लागतात. सेकंदाला दहा माणसं आत येतात आणि प्रत्येक जण दोन सेकंद आत थांबतो, म्हणजे कुठल्याही क्षणी आत वीस जण असतात. आता तुमच्या प्लॅनमध्ये एंट्री प्रोसेस किती आहेत ते बघा. साध्या शेअर्ड प्लॅनमध्ये हा आकडा वीसच्या आसपास असणं अगदी नेहमीचं आहे. तसं असेल तर विसावा माणूस आत गेला की एकविसाव्याच्या तोंडावर ५०८ चा दरवाजा लागतो. त्याला वाटतं पान आलं नाही, तो पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतो आणि गर्दी आणखी वाढते. लिलावाच्या वेळी ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला दर लगेच हवा असतो, त्यामुळे तो रिफ्रेश करणारच.

ते दोन सेकंद कशात जातात? तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा की साधारण अर्धा सेकंद वर्डप्रेस स्वतः काम करतं, म्हणजे प्लगइन, थीम, डेटाबेस. उरलेला दीड सेकंद पीएचपी गूगलच्या उत्तराची वाट बघत नुसतं बसलेलं असतं. प्रत्येक वाचकासाठी शीट नव्यानं मागवली जाते. सेकंदाला दहा जण आले तर गूगलला दहा विनंत्या. गूगलही अशा विनंत्यांना मर्यादा घालतं, म्हणजे एक दिवस तिथूनही नकार येईल.

हीच साइट जशीच्या तशी २ व्हीसीपीयूच्या व्हीपीएसवर नेली तर? एंट्री प्रोसेसची मर्यादा तिथे नाही, ५०८ दिसणार नाही. पण प्रत्येक पानाला अर्धा सेकंद सीपीयू लागतोच. एक व्हीसीपीयू सेकंदाला अशी दोन पानं काढेल, दोन मिळून चार. मिनिटाला दोनशे चाळीस. तुमची गरज सहाशेची. उरलेले रांगेत. थोड्या वेळानं त्यांना '५०४ गेटवे टाइमआउट' दिसेल. म्हणजे पैसे भरून एररचा नंबर तेवढा बदलला.

आणि एक धोका वाढेल. कोणीतरी सल्ला देईल की पीएचपीचे वर्कर (एका वेळी एक पान बनवणाऱ्या प्रोसेस) वाढवा, चाळीस करा, ऐंशी करा. वर्डप्रेसचा एक वर्कर साधारण पन्नास ते ऐंशी एमबी खातो. प्लगइन जड असतील तर जास्त. ऐंशी वर्कर गुणिले साठ एमबी म्हणजे जवळजवळ पावणेपाच जीबी, आणि तुमच्याकडे सगळी मिळून चार, त्यात डेटाबेस आणि लिनक्सचाही वाटा. मेमरी संपली की लिनक्सचं कर्नल सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रोसेस शोधून मारतं, याला ओओएम किलर म्हणतात. ती प्रोसेस बहुतेक वेळा मायएसक्यूएल, म्हणजे डेटाबेस सर्व्हर असते. मग साइटवर 'एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन' एवढंच राहतं आणि कोणी जाऊन डेटाबेस चालू करेपर्यंत सगळं ठप्प. सिन्नरच्या एका ग्राहकाकडे मला बोलावलं तेव्हा नेमकं हेच झालेलं होतं, आणि आधीच्या माणसानं दर वेळी रॅम वाढवायचा सल्ला दिला होता. आम्ही रॅम अर्धी केली, वर्कर बारावर आणले, पुढे कॅश लावली, म्हणजे एकदा बनवलेलं पान साठवून पुन्हा तेच द्यायची सोय. तेव्हापासून त्यांचा डेटाबेस पडलेला नाही.

तुमचा उपाय कॅशमध्येच आहे. विचार करा, त्या मिनिटात आलेल्या सहाशे जणांना पान तेच दाखवायचंय. लासलगावचा उन्हाळ कांद्याचा कमाल दर प्रत्येकासाठी वेगळा नाही. मग सहाशे वेळा शीट ओढून सहाशे वेळा पान बनवायचं कशाला? मिनिटात एकदा बनवा, फाइल म्हणून ठेवा आणि तीच सगळ्यांना द्या. तयार फाइल द्यायला वेब सर्व्हरला पीएचपीची गरजच पडत नाही. १ व्हीसीपीयूचा अगदी लहान सर्व्हरसुद्धा अशा फाइली सेकंदाला हजारांनी देऊ शकतो. शेअर्डवरही तयार फाइल देताना एंट्री प्रोसेस खर्च होत नाही.

प्रत्यक्षात करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, अख्ख्या पानाची कॅश, त्यासाठी वर्डप्रेसची चांगली कॅश प्लगइनं आहेत. फक्त सेटिंगमध्ये हे बघा की तयार फाइल थेट वेब सर्व्हर देतोय, पीएचपी उठवून नाही. लाइटस्पीड या प्रकारचा वेब सर्व्हर असेल तर त्याचं स्वतःचं कॅश प्लगइन वापरा. दोन, दरांचा तक्ता. तो पानात न घालता एका छोट्या फाइलमध्ये ठेवा, दहा-पंधरा केबीची. पान एकदा येईल आणि तक्ता त्या छोट्या फाइलमधून दर मिनिटाला ताजा होईल. वाचकाला रिफ्रेश करायलाही लागणार नाही, त्याचा डेटाही वाचेल.

ती छोटी फाइल दर मिनिटाला कोण बनवणार? तिथे क्रॉन जॉब लागतो, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम. इथे तुमच्या होस्टिंगवर सगळं अवलंबून आहे. पुष्कळ शेअर्डवाले क्रॉन पाच किंवा पंधरा मिनिटांच्या आत चालवू देत नाहीत. तुमच्याकडे मिनिटाला चालत असेल तर उत्तम, व्हीपीएसचा विषय सध्या बंद करा. चालत नसेल तर वर्डप्रेसमधल्या ट्रान्झिएंटनं (माहिती ठरावीक वेळ साठवून ठेवायची सोय) भागवता येतं: साठ सेकंद जुना तक्ता चालवायचा आणि त्यानंतर जो पहिला वाचक येईल त्याच्या निमित्तानं नवा ओढायचा. यात एक खोच आहे. साठावं सेकंद संपलं त्या क्षणी दहा जण एकदम आले तर दहाही जण शीट ओढायला जातात. म्हणून एकच जण जाईल अशी कुलपाची सोय कोडमध्ये लिहून घ्या, बाकीच्यांना तोवर जुनाच तक्ता दाखवा. गूगलकडून उत्तर आलं नाही तरीही जुनाच दाखवा, शेजारी वेळ लिहून. 'सकाळी १०.४२ चे दर' असं लिहिलेलं पान कोऱ्या पानापेक्षा कधीही चांगलं, शेतकऱ्याला निदान कळतं की त्याच्या हातात काय आहे.

एवढं केलं की ते दोन सेकंद ०.१ ते ०.२ वर येतील. मघाचाच हिशोब परत मांडा: प्रत्येक पान पीएचपीतून गेलं असं धरलं तरी सेकंदाला दहा गुणिले ०.२, म्हणजे एका वेळी आत फक्त दोन जण. वीसची मर्यादा तीच आहे, पण आता तिच्यात दहापट गर्दी मावेल.

हे मी एवढ्या तपशिलात सांगते कारण तुमची गर्दी नेहमीची राहणार नाही. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांदा निर्यातबंदी लावली, आणि त्याआधी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, तेव्हा जिल्ह्यात लिलाव बंद पडले होते. अशा दिवशी तुमच्याकडे दहापट माणसं येतील आणि त्याच दिवशी साइट चालणं सगळ्यात गरजेचं असेल. दहापट गर्दीसाठी दहापट सर्व्हर कोणी बारा महिने भाड्यानं ठेवत नाही. तयार फाइल मात्र ती गर्दी पेलते.

मग व्हीपीएस घ्यायचाच नाही का? असं नाही. तुमच्या जागी मी असते तर तीन गोष्टी बघितल्या असत्या. मिनिटाचा क्रॉन हवाय आणि मिळत नाहीये का? पुढे मोबाइल ॲप किंवा दराचे मेसेज पाठवायचं डोक्यात आहे का, म्हणजे सतत चालू राहणारा एखादा प्रोग्रॅम लागणार का? आणि हाताशी असं कोणी आहे का, जे महिन्यातून थोडा वेळ सर्व्हरकडे बघेल? पहिल्या दोनपैकी एकाचं उत्तर 'हो' आणि तिसऱ्याचंही 'हो' असेल तर जरूर घ्या, आणि तेव्हाही १ व्हीसीपीयू, २ जीबीपासून सुरुवात करा. कॅश नीट असेल तर तुम्हाला तेवढा पुरेल असं मला वाटतं. मोठा करणं एका रीस्टार्टचं काम असतं. मोठ्याचा लहान करताना मात्र डिस्क बहुतेक ठिकाणी लहान करता येत नाही.

तिसऱ्या प्रश्नावर जरा थांबते, कारण माणसं तिथेच अडकतात. शेअर्डवर तुम्ही खातेदार असता, व्हीपीएसवर मालक. रूटचा (सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा) पासवर्ड तुमच्या हातात येतो आणि होस्टिंगवाल्याची जबाबदारी मशीन चालू ठेवण्यापुरती उरते. लिनक्सचे अपडेट, फायरवॉल, बॅकअप, डेटाबेस, एसएसएल प्रमाणपत्र, सगळं तुमचं. नवा आयपी इंटरनेटवर आला की काही मिनिटांत कुठून कुठून लॉगिनचे प्रयत्न सुरू होतात. तुमच्यावर कोणाचा डोळा असतो म्हणून नाही, यंत्रं सगळेच पत्ते चाचपत फिरत असतात. लॉगमध्ये 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट' या नावांनी ओळीच्या ओळी दिसतील. घाबरू नका, पण पहिल्याच दिवशी पासवर्डनं लॉगिन बंद करून एसएसएच की (एसएसएच म्हणजे दूरून सर्व्हरमध्ये शिरायची सुरक्षित वाट, की म्हणजे तिची किल्लीची फाइल) वापरा, फायरवॉलमध्ये फक्त वेब आणि एसएसएच उघडं ठेवा, आणि सुरक्षेचे अपडेट आपोआप लागतील अशी सोय करा. उबंटू या लिनक्सची एलटीएस (दीर्घ काळ सांभाळली जाणारी) आवृत्ती घ्या, तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. सेंटओएस ७ या दुसऱ्या लिनक्सचे अपडेट ३० जून २०२४ ला संपले, तरी अजून ते चालवणारे सर्व्हर मला भेटतात. कोणी तुमच्या सर्व्हरवर तेच जुनं बसवून देत असेल तर नको म्हणा. लेट्स एनक्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र नव्वद दिवसांचं असतं, ते आपोआप नवं होतंय ना हे एकदा तपासून घ्या. हे सगळं करणारं कोणी नसेल तर 'मॅनेज्ड' व्हीपीएस घ्या. पण नेमकं काय काय मॅनेज करणार ते लेखी विचारा. काहींचं मॅनेज करणं म्हणजे फक्त कंट्रोल पॅनेल टाकून देणं असतं.

बॅकअपबद्दल मी कोणाचंच ऐकत नाही, हे करावंच लागेल. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा कायमचा गेला. कंपनीच्या पॅनेलमधलं 'स्नॅपशॉट' (सर्व्हरची त्या क्षणाची प्रत) सोयीचं असतं, अपडेटच्या आधी जरूर घ्या, पण त्याला बॅकअप समजू नका. रोज रात्री डेटाबेस आणि अपलोडचं फोल्डर दुसऱ्याच कंपनीच्या जागेवर जाऊ द्या, आणि अधूनमधून तो बॅकअप कुठेतरी उघडून साइट उभी राहते का ते बघा. तुमच्याकडे तर वर्षानुवर्षांचे दर आहेत, कोणत्या आठवड्यात कांदा कितीला गेला याची नोंद. सर्व्हर परत घेता येतो, ती नोंद गेली तर परत कुठून आणणार?

व्हीपीएस घेतल्यावर तो बरा आहे की नाही हे कसं ओळखायचं, तेही सांगते. लिलावाच्या वेळी टर्मिनलमध्ये 'टॉप' ही आज्ञा चालवा. वरून तिसऱ्या ओळीत सीपीयूची टक्केवारी असते, अक्षरांनी दाखवलेली. 'यूएस' म्हणजे तुमचेच प्रोग्रॅम. तो सत्तर-ऐंशी असेल तर काम तुमच्या कोडचं आहे, कंपनीला फोन करून उपयोग नाही. 'डब्ल्यूए' म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ. तो मोठा असेल तर डेटाबेसची मेमरी कमी पडतेय किंवा डिस्कच मंद आहे. मायएसक्यूएलच्या बफर पूलची (डेटा मेमरीत ठेवायच्या जागेची) मूळ सेटिंग १२८ एमबीची असते, ती पुष्कळदा तशीच राहून गेलेली असते. आणि सगळ्यात शेवटी 'एसटी', म्हणजे स्टील. तुमचा व्हीसीपीयू काम करायला तयार होता पण खालच्या मशीननं त्याला कोअर दिला नाही, असा वेळ. सीपीयूवरची शेजाऱ्यांची गर्दी तुम्हाला दिसण्याची हीच एक जागा. एखादा टक्का कधीमधी आला तर मी बघत नाही. गर्दीच्या वेळी रोज पाच-दहाच्या वर राहत असेल तर त्या ओळीचा फोटो काढून कंपनीला पाठवते आणि दुसऱ्या मशीनवर हलवा म्हणून सांगते. चांगली कंपनी हलवते. एक ध्यानात ठेवा, काही स्वस्त योजना 'क्रेडिट' पद्धतीच्या असतात, म्हणजे थोडा वेळ पूर्ण वेग आणि क्रेडिट संपलं की वेग कमी. तिथेही 'एसटी' वाढलेला दिसतो, पण तो शेजाऱ्याचा दोष नाही, तुमच्या प्लॅनचाच नियम आहे. तुमच्यासारखी तासाभराची गर्दी आणि उरलेला दिवस शांत असेल तर असा प्लॅन खरं तर चांगला जमतो.

सर्व्हर मुंबईत घ्या. नाशिकहून मुंबई जेमतेम १७० किलोमीटर, आणि फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे अंतराचा वेळ जवळजवळ नगण्य. अमेरिकेत ठेवला तर एका फेरीला २०० मिलिसेकंदांच्या वर लागतात, आणि सुरक्षित पान उघडायला अशा दोन-तीन फेऱ्या होतात, म्हणजे एक अक्षर दिसायच्या आधी अर्धा सेकंद गेला. ॲमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईत केंद्र सुरू केलं. आता मुंबई किंवा बंगळुरूत जागा देणारे भरपूर आहेत. तरीही एक सांगते, चांदवड-देवळ्याकडच्या शेतात जिथे एक काडी रेंज असते, तिथे सर्व्हर कुठे आहे यापेक्षा पान किती जड आहे याला जास्त महत्त्व. पहिल्या पानावर मोठे फोटो असतील, कांद्याच्या चाळीचे, बाजाराचे, तर ते आधी लहान करा. तीन एमबीचं पान तीनशे केबीवर आणलं तर त्या शेतकऱ्याला जो फरक पडेल, तो कुठलाही सर्व्हर बदलून पडणार नाही.

घेताना कंपनी नाव-पत्ता, ओळखपत्र मागेल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे व्हीपीएस देणाऱ्यांना ग्राहकाची तपासलेली माहिती ठेवावी लागते, सेवा बंद केल्यावरही पाच वर्षं. तेव्हा ते विचारतात यात संशय घेण्यासारखं काही नाही. जाहिरातीतला दर पहिल्या वर्षाचाच असतो का, नूतनीकरणाला किती, आणि १८ टक्के जीएसटी धरलाय की वरून, हे विचारून घ्या. साइटवरून ईमेल पाठवत असाल तर ते व्हीपीएसवरून करू नका, बरेच जण २५ क्रमांकाचं पोर्ट बंदच ठेवतात. त्यासाठी वेगळी ईमेल सेवा घ्या.

म्हणून माझा सल्ला असा: होस्टिंगवाल्यांना आत्ता 'थोडं थांबा' सांगा. आधी प्रत्येक वाचकासाठी शीट ओढणं बंद करा, कॅश लावा, फोटो लहान करा. हे काम वर्डप्रेस येणाऱ्या कोणाचंही दोन-तीन दिवसांचं आहे. मग लिलावाच्या दिवशी सकाळी सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये) 'रिसोर्स युसेज'चं पान उघडा. तिथे सीपीयू, मेमरी, एंट्री प्रोसेस आणि डिस्क असे वेगवेगळे आलेख असतात. लिलाव सुरू झाल्यापासून तासाभराचा आलेख इथे टाका, तुमच्या प्लॅनमधल्या मर्यादांच्या आकड्यांसकट. क्रॉन किती मिनिटांनी चालू देतात तेही लिहा. कोणती रेषा आधी मर्यादेला टेकते ते बघून व्हीपीएस घ्यायचा की नाही, आणि घ्यायचा तर केवढा, ते नेमकं सांगते.